थाळी करायचीय? आधी प्रांत ठरवा, पदार्थ मागून येतात

पाहुणे येणारेत, भिशी आहे, पोराचा वाढदिवस आहे, काहीही असो, कुणीतरी म्हणतं यावेळी मस्त थाळी करू. मग ग्रुपवर यादी सुरू होते. पनीरची एक पाहिजे, शेवभाजी तर पाहिजेच, फरसाण म्हणून ढोकळा, दाल तडका, जिरा राइस, सोलकढी पण करू ना पचायला बरी, आणि गोडात गुलाबजाम. बघता बघता चौदा पदार्थ होतात, करणाऱ्याचा जीव जातो आणि खाणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही, कारण एकाच मांडवात चार बँड वाजले की कुठलंच गाणं कळत नाही. अनलिमिटेड थाळीवाल्या हॉटेलांनी आपल्या डोक्यात हे बसवलंय की थाळी म्हणजे वाट्यांची संख्या. एका ठिकाणी तर मला उंधियूच्या शेजारी व्हाइट सॉस पास्ता वाढला होता, आणि वाढणारा मुलगा इतक्या प्रेमाने आग्रह करत होता की नाही म्हणवेना.

तर घरी करायची असेल तर सोपी पद्धत सांगतो. प्रांत एकच घ्यायचा, आणि त्या प्रांताच्या तीन गोष्टी पक्क्या करायच्या. धान्य कुठलं, आंबटाला काय, आणि तेल-तूप कुठलं. एवढं ठरलं की यादी आपोआप तयार होते, आणि कुठला पदार्थ त्यात बसत नाही तेही लगेच दिसतं.

खानदेश घ्या. ज्वारी, बाजरी, नाहीतर कळणा म्हणजे ज्वारीत सालाचे उडीद घालून दळलेलं पीठ. तेल शेंगदाण्याचं आणि तेही हात सैल सोडून. आंबट जवळजवळ नाहीच, तिथं सगळं काम तिखट आणि भाजलेलं सुकं खोबरं करतं. घाट उतरून कोकणात गेलात की भात, ओला नारळ, आमसूल. देशावर ज्वारी-गहू, चिंच-गूळ, शेंगदाण्याचा कूट. गुजरातेत गहू, काठियावाडकडे बाजरी, आंबटाला लिंबू, दही, कोकम आणि जोडीला गूळ-साखर. मारवाडात पाणी कमी त्यामुळे हिरवी भाजी कमी, म्हणून बेसनाचे गट्टे, मुगाच्या वाळवलेल्या मंगोड्या, वाळवून ठेवलेली केर-सांगरी, रस्स्याला दही-ताक आणि वरून तूप. बंगालात भात आणि मोहरीचं तेल. आंध्रात भात, आंबटाला चिंच नाहीतर गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडीच. केरळात भात आणि खोबरेल, आंबटाला ताक किंवा चिंच.

आता या चाळणीतून वरची यादी काढा. शेवभाजी राहिली तर सोलकढी गळते, कारण नारळाच्या दुधाने काळ्या मसाल्याचा सगळा झणका बसून जातो, आणि सोलकढी ठेवायची असेल तर मग मालवणी ताट करा ना, वडे, भात, काळ्या वाटाण्याची उसळ, तेही भारीच होतं. पनीर दोन्हीकडून गळलं. गुलाबजामाशी माझं भांडण नाही पण तो सगळीकडे असतो म्हणून कुठलाच नसतो.

नाशिककरांना यात एक मोठा फायदा आहे जो आपण वापरतच नाही. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकचा भात, इंद्रायणी तांदूळ, आणि पुढे पेठ-सुरगाण्याकडे नागली म्हणजे नाचणी, वरई, खुरासणी म्हणजे कारळे. उत्तरेला कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा म्हणजे कसमादे, तिथून खानदेश लागलाच. सिन्नरकडे बाजरी, निफाडला गहू-कांदा. सुरगाण्यापलीकडे गुजरात. आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांमुळे सिडकोत निम्मं खानदेश येऊन राहिलंय, त्यामुळे बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, कळण्याचं पीठ, भाजीची शेव यासाठी जळगावला माणूस पाठवावा लागत नाही. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार एकदा सावकाश फिरा, कुठलं ताट करायचं ते बाजारच सांगतो.

खरं तर सीझनच सांगतो. थंडीत भरीत, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आमरस आणि खापरावरचे मांडे, पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याचं ताट. हे शेवटचं फार कमी लोक करतात आणि माझ्या मते सगळ्यात चवदार तेच. नागलीची भाकरी, उडदाच्या डाळीची आमटी, खुरासणीची चटणी आणि त्या दिवशी बाजारात जी रानभाजी आली असेल ती, कुरडू, करटुली, टाकळा, भारंगी, जे मिळेल ते. खुरासणी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायची, सुकी लाल मिरची, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात कुटायची, एवढंच. शेवळं मिळाली तर विकणाऱ्या बाईकडूनच काकडंही मागून घ्या, ती छोटी हिरवी आंबट फळं असतात, त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. नसतील तर चिंचेचा घट्ट कोळ. म्हणजे इथं आंबट चवीसाठी नाही, खाज मारायला आहे, ते कमी करून चालत नाही. गोडाची गरज नाही, पण लागलंच तर नागलीचं सत्त्व दूध-गूळ घालून.

पण दहा माणसांना पहिल्यांदा करत असाल तर खानदेशी करा. पदार्थ मोजके, बऱ्याच गोष्टी आधी करून ठेवता येतात, आणि नाशकात ते आवडणार नाही असा माणूस सापडणं अवघड. यादी अशी: वांग्याचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, साधं वरण-भात, ठेचा, कांदा-लिंबू, बिबड्या नाहीतर उडदाचा पापड, ताक, आणि एक गोड. बास. याच्यावर एकही वाटी वाढवायची नाही, सासूबाईंनी सांगितलं तरी.

भरीताचं वांगं. हिरवट, लांबट-मोठं, पांढरट झाक असलेलं, जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालाय त्याच जातीतलं. जांभळं गोल वांगंही चालतं पण चव वेगळी, त्याचा गर जरा करपट लागतो. वांगं हातात घेऊन बघायचं, आकाराला मोठं आणि वजनाला हलकं पाहिजे, जड असेल तर आत बिया. दहा जणांना अडीच किलो लागतात, भाजून सोलून जवळपास निम्मीच उरतात, त्यात बाकीचं साहित्य पडतं. चंपाषष्ठीच्या आसपास वांगी सुंदर येतात, त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्यच असतो, आणि बऱ्याच घरांत चातुर्मासात सोडलेलं वांगं तिथून परत ताटात येतं.

भाजायची खरी पद्धत शेतात, कापसाच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर. आपण गच्चीवर विटा मांडून लाकडं पेटवू शकतो, कोळशाची शेगडी असेल तर तीही छान. गॅसवर करायचं तर वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने फुटतं आणि ओटा पुसत बसावं लागतं. तेलाचा हात लावा आणि मध्यम आचेवर फिरवत राहा. बाहेरून काळं झालं म्हणजे झालं असं नाही. देठाजवळ दाबून बघायचं, तिथं बोट सहज आत गेलं पाहिजे, देठाकडचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो आणि घाई केली की भरीतात कचकचीत तुकडे येतात. मग ताटात काढून झाकून ठेवा दहा मिनिटं, साल स्वतःहून सुटायला लागतं. सोलताना नळाखाली धरू नका प्लीज, धुराचा सगळा वास वाहून जातो. वाटीत पाणी घेऊन बोटं बुडवत सोला. थोडे काळे कण राहिले तर राहू द्या.

आता मिक्सर लांब ठेवा. खानदेशात लाकडी बडगीत ठेचतात, आपल्याकडे नसते, तर मोठ्या पातेल्यात लाकडी रवीच्या बुडाने नाहीतर जाड लाटण्याने ठेचा. गर धाग्याधाग्याचा राहिला पाहिजे, पेस्ट नको. हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलात परतून जाडसर ठेचून यात घालायच्या. मिरची किती ते माणसं बघून, लवंगी असेल तर पंधरा बास, पोपटी असेल तर पंचवीस. मग कढईत शेंगदाण्याचं तेल दीड वाटी, हो, दीड वाटी, यात शेंगदाणे आख्खेच तळा, मग सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, जिरं-मोहरी, भरपूर कांद्याची पात, आणि वांगं. पाच-सात मिनिटं परतून कोथिंबीर. पात घातल्यावर जास्त वेळ गॅसवर ठेवलं की ती लेची पडते, तिचा थोडा कच्चेपणा लागला पाहिजे. काहींना फोडणीशिवायचं कच्चं भरीत आवडतं, वरून कच्चं तेल घेऊन. दोन्ही ठेवायची हौस असेल तर अर्धं बाजूला काढा.

भाकरीचं पीठ आठवडाभर आधी दळून आणा. एक किलो ज्वारीला पाव किलो सालाचे उडीद, चमचाभर मेथी आणि थोडं जाडं मीठ, गिरणीवाल्याला सांगा की गव्हावर टाकू नको, ज्वारी-बाजरीच्या पाठोपाठ टाक. दहा जणांना दोन किलो पीठ घरात असू द्या. सरासरी माणशी दीड भाकरी जाते, पण भरीत जमलं असेल तर तिसरी मागणारे निघतात. उडदामुळे पीठ चिकट होतं, त्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा थापायला सोपी जाते, नवशिक्याने याच भाकरीने सुरुवात करावी. आणि काहीही करा, भाकऱ्या सकाळी करून डब्यात भरून ठेवू नका. एक माणूस जेवण सुरू असताना तव्याजवळच पाहिजे. हे जमत नसेल तर कळण्याच्या पुऱ्या करा, भरीत-पुरी हाही खानदेशातला पक्का जोड आहे, आणि पुऱ्या भराभर निघतात.

शेवभाजीत लोक एकाच जागी चुकतात, शेव आधी टाकतात. रस्सा वेगळा, शेव वेगळी, वाटीत वाढताना शेव घालून वरून उकळता रस्सा ओतायचा. रस्सा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पातळ ठेवा कारण शेव दोन मिनिटांत अर्धा पिऊन टाकते. दहा जणांना तीन लिटर रस्सा, अर्धा किलो शेव. अर्धा किलो कांदे गॅसवर सालासकट काळे होईपर्यंत भाजायचे, एक मोठी वाटी सुकं खोबरं भाजून, लसणाचे दोन गड्डे, आलं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं बारीक वाटून तेल सुटेपर्यंत परतायचं, मग काळा मसाला, थोडी तिखट पूड रंगाला. पाणी उकळतंच घाला, गार पाण्याने तर्री मरते. शेव फरसाणवाल्याकडे ‘भाजीची’ म्हणूनच मागायची, जाड आणि लसणाची. नायलॉन शेवेचा वाटीत चिखल होतो.

वरण साधं ठेवा. चारशे ग्रॅम तूरडाळ, हळद, हिंग, मीठ. इथं फोडणी, टोमॅटो, कढीपत्ता यातलं काहीही नको, या ताटात एक तरी जागा अशी पाहिजे जिथं जीभ विसावा घेईल, आणि घरातल्या आजी-आजोबांचं, लहान पोरांचं जेवण तिथंच होतं. तांदूळ पाऊण किलो, इंद्रायणी. ताक तीन लिटर, एक लिटर दह्याचं. ठेचा खलबत्त्यातला. गोडाला पुरणाचे मांडे सगळ्यात उत्तम, पण उलट्या खापरावर मांडा टाकणं हे हाताचं काम आहे, ज्यांना येतं त्या बायकांकडून आदल्या दिवशी सांगून करून घ्या, उगाच घरी प्रयोग नको. नाहीतर गव्हाच्या शेवयांची दूध-गुळाची खीर.

आता ताट मांडायचं. मराठी ताटाला डावं-उजवं असतं आणि ते शोभेसाठी नाहीये. उजव्या हाताने जेवायचं, तर पातळ आणि जास्त लागणारं उजवीकडे, चिमटीने तोंडी लावायचं ते डावीकडे. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी किंवा ठेचा, लोणचं, कोशिंबीर, पापड. उजवीकडे भाजी, उसळ, रस्सा, आमटीच्या वाट्या. खाली समोर भात आणि पोळी-भाकरी. खानदेशी ताटात भरीत मी वाटीत देत नाही, सरळ ताटात उजवीकडे, भाकरीला टेकून, कारण भरीताचं तेल भाकरीला लागलं तर बिघडत काहीच नाही, उलट बरंच. शेवभाजीची वाटी मात्र काठाशी, ढकलली जाऊन सांडणार नाही अशी.

वाढायला मीठापासून सुरुवात, मग डावी बाजू सगळ्यांना, मग उजवी, गरम ते शेवटी. सणाच्या ताटात आधी वरण-भात-तूप, मध्ये पोळी आणि गोड, शेवटी ताक-भात असा क्रम असतो. खानदेशी ताटात भाकरी आधी, भात नंतर. वाढायला दोन माणसं नेमा आणि त्यांना आधीच जेवायला घाला, भुकेल्या माणसाच्या हातात डाव दिला की तो वाटण्या चुकवतो.

भांड्यांचं थोडं. स्टीलचं ताट बारा-तेरा इंची घ्या, त्याहून लहान असेल तर भाकरी मावत नाही, वाट्या दीडशे मिलीच्या. पितळी ताटांची हौस असेल तर आपल्या भांडी बाजारासारखी जागा नाही, पण पितळेला आतून कल्हई असल्याशिवाय त्यात ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो जाऊ देऊ नका, आंबटाने पितळ कळकतं आणि ते पोटाला वाईट. काशाच्या ताटाला कल्हई लागत नाही, पण आंबट त्यातही फार वेळ ठेवत नाहीत. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण सगळ्यात सुटसुटीत, फक्त शेवभाजीला द्रोण डबल घ्या.

बाकी प्रांतांचं जरा भरभर सांगतो, तत्त्व तेच.

गुजराती ताट दिसायला सोपं पण घरी करायला सगळ्यात दमवणारं, कारण एक फरसाण, दोन-तीन शाक म्हणजे भाज्या, एक कठोळ म्हणजे कडधान्य, दाळ, कढी, फुलके, सगळं एकदम ताटात यावं लागतं आणि फुलका तर तव्यावरून थेट. घरी करायचं असेल तर काठियावाडी करा. बाजरीचा जाड रोटला, रिंगणचा म्हणजे वांग्याचा ओळो, सेव-टमाटाचं शाक, लाल लसणाची चटणी, गूळ-तूप, छास, रात्री असेल तर खिचडी-कढी. आपल्या लोकांना हे पटकन जवळचं वाटतं, ओळो तर भरीताचाच भाऊ. कढीत गूळ-साखर कमी करू नका. आपल्याला गोड नको म्हणून काढून टाकली तर ती कढी ना गुजरातची ना आपली. उंधियू थंडीतच, सुरती पापडी ताजी असते तेव्हा.

राजस्थानी दाल-बाटी आणि खानदेशी वरण-बट्टी या दोन्हींना लोक एकच समजतात. मारवाडी बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात नाहीतर ओव्हनमध्ये भाजलेली आणि तुपात बुडवलेली, बरोबर पाच डाळींची पंचमेल दाल आणि बाटीचाच कुटून केलेला चुरमा. आपल्याकडची बट्टी आधी उकडतात, मग काप करून तळतात, पिठात थोडं मक्याचं पीठ आणि ओवा असतो, सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. चाळीस-पन्नास माणसांना करायचं असेल तर बट्टीच बरी, उकडून आदल्या रात्री ठेवता येते.

केरळची सद्या केळीच्या पानावर. पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वाढायला सुरुवात डावीकडून, वेफर्स, लोणची, आलं-चिंचेची इंजीपुळी, मग अवियल, ओलन, तोरण, पचडी. भात आल्यावर आधी परिप्पू म्हणजे डाळ आणि तूप, मग सांबार, पायसम, रसम, ताक. सगळी चोवीस-सव्वीस पदार्थांची करायला जाऊ नका, आठ करा पण क्रम पाळा. कांदा-लसूण पारंपरिक सद्येत नसतो, आणि अवियलवर शेवटी कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता पडलाच पाहिजे. दुकानात खायचं खोबरेल म्हणून सांगून घ्या. जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं.

बंगाली जेवणात मात्र सगळं एकदम वाढून टाकलं की संपलं. तिथं एकेक येतं. पहिल्यांदा कडू, कारल्याचं शुक्तो, मग डाळ आणि भाजा म्हणजे तळलेलं काहीतरी, मग भाजी, मग मासा, मग गोडसर चटणी आणि पापड, शेवटी मिष्टी. माशाला रोहू-कटला आपल्याकडे मिळतात. मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवायचं आणि थोडं उतरू द्यायचं, नाहीतर पहिल्या घासालाच नाकात जातं आणि लोक घाबरतात.

आणि प्रत्येक ठिकाणी माणशी एक ताट असतंच असंही नाही. काश्मिरी वाजवानमध्ये चार जण एका त्रामीत म्हणजे तांब्याच्या मोठ्या ताटात जेवतात आणि गुश्ताबा, म्हणजे दह्याच्या रस्स्यातला मटणाचा गोळा, आला की समजायचं जेवण संपत आलं. बोहरा लोकांच्या थाळात सात-आठ जण गोल बसतात, सुरुवातीला चिमूटभर मीठ चाखतात आणि शेवटीही. घरी दोन कुटुंबं असतील तर एखादं मोठं परातीएवढं ताट मध्ये ठेवून बघा, पोरं मोबाइल आपोआप बाजूला ठेवतात कारण हात थांबला की समोरचा खाऊन टाकतो.

वेळेचं गणित उलटं लावायचं. एक वाजता पंगत बसवायची आहे असं धरा. आदल्या दिवशी संध्याकाळी वाटण करून फ्रिजमध्ये, दही लावलेलं, कोथिंबीर-पात निवडून कापडात गुंडाळलेली, ताटं-वाट्या मोजून काढलेल्या. सकाळी नऊला वांगी भाजायला घ्या, अडीच किलोला गॅसच्या दोन शेगड्यांवर तास-सव्वातास आरामात जातो आणि तेवढा वेळ दुसरं काही होत नाही. साडेदहाला रस्सा टाकून द्या, तो उकळून मुरला की चांगलाच लागतो. साडेअकराला कुकर. बाराला भरीत फोडणीला. साडेबाराला पापड-बिबड्या भाजून, कांदा चिरून, ताक घुसळून. पावणेएकला तवा तापत ठेवायचा आणि पहिली भाकरी बरोबर एकला. पाहुणे दीडला येतात हे नाशिकमध्ये गृहीतच धरा, म्हणून भाकरीचं पीठ मळून ठेवू नका, एका वेळी दोनच भाकऱ्यांचं मळा.

उरलेल्याचं पण आधीच ठरवून टाका. शेव उरली तर डब्यात, रस्सा वेगळ्या पातेल्यात. भरीत रात्रीच संपवा, पातीमुळे दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं, किंवा त्यात कळण्याचं पीठ मळून थालीपीठं लावा. शिळी भाकरी चुरून कांदा-मिरचीच्या फोडणीत. आणि रस्सा दोन-तीन वाट्या जरी राहिला असेल तरी रात्री मोड आलेली मटकी उकडून ठेवा, सकाळी रस्सा गरम करून मटकीवर ओता, तीच शेव वरून, कांदा, लिंबू, नाशिककराच्या घरी यापेक्षा वेगळा नाश्ता कुणी मागत नाही. पाव तेवढे रविवारी सकाळी आठच्या आत आणा, नंतर बेकरीत मिळत नाहीत.